आपण कुठे आहोत, हे सांगता आले पाहिजे



आपल्या मंदिरात येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींपैकी बरेच जण साठी उलटल्यावर मुलांकडे या देशात आले. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत नोकरी केलेले आहेत, घर सांभाळून चार मुलांना शिकवणाऱ्या माउल्याही आहेत. पुष्कळांना इंग्रजी वाचता येते. तरीही लेस्टरच्या बसमध्ये किंवा जीपीच्या काउंटरवर समोरच्याचे बोलणे कळत नाही. मग माणूस ठरवतो की आपल्याला इंग्रजी येत नाही. हळूहळू एकट्याने बाहेर पडणे थांबते आणि मुलाला सुट्टी असेल तेव्हाच दर्शन घडते.

मंदिरातल्या इंग्रजीच्या बैठकीची सेवा मी करते. तिथे वारंवार जाणवलेली गोष्ट या लेखात मांडते आहे. आपण शाळेत शिकलो ती पुस्तकी इंग्रजी. इथल्या रस्त्यावर बोलली जाते ती बोली. शिवाय ती दर चाळीस मैलांवर बदलते. ती न कळणे हा आपल्या बुद्धीचा दोष नाही. मात्र एक गोष्ट सर्वांत आधी शिकून घ्यावी, ती म्हणजे आपण कुठे आहोत, कुठे जायचे आहे आणि कुठे दुखते आहे हे सांगणे. व्याकरण मागाहून आले तरी चालेल.

शब्द गावागणिक बदलतात

हे आपल्याला नवे नाही. पुण्याचा माणूस नागपूरला गेला आणि भाजीवाल्याने "सांबार देऊ का?" असे विचारले, तर तो इडलीबरोबरचे सांबार समजेल. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. तिकडे पेरूला जाम म्हणतात. घराघरांत पोळी की चपाती हा वाद आहेच. म्हणून पुणेकराला मराठी येत नाही, असे कोणी म्हणत नाही.

इथेही तसेच आहे. साध्या गोल पावाचे उदाहरण घ्या. लेस्टर, नॉटिंगम, डार्बी या आपल्या ईस्ट मिडलंड्सच्या भागात त्याला 'कॉब' म्हणतात. तासाभरावरच्या कॉव्हेंट्रीत तो 'बॅच' होतो आणि मँचेस्टरकडे 'बार्म'. न्यूकॅसलकडे 'स्टॉटी' नावाचा मोठा चपटा पाव मिळतो. इतरत्र 'बॅप' किंवा 'रोल' म्हटले की काम भागते. कॅन्टीनमधल्या बाईंनी "चीज कॉब?" असे विचारले, तर त्या पाव-चीज हवे का एवढेच विचारत असतात.

दोन घरांमधल्या अरुंद वाटेचेही असेच. आपण तिला बोळ म्हणतो, कोणी गल्ली म्हणतो, कोकणात पाखाडी म्हणतात. लेस्टरमध्ये ती 'जिटी', नॉटिंगममध्ये 'ट्विचेल', मँचेस्टर आणि लीड्सकडे 'गिनल', यॉर्कशरमध्ये 'स्निकेट' आणि दक्षिणेला ससेक्समध्ये 'ट्विटन'. यांतले बरेच शब्द शाळेच्या पुस्तकात सापडणार नाहीत. पण शेजारीण "गो डाउन द जिटी" म्हणाली, तर ती बोळातून जाण्याचा जवळचा रस्ता दाखवते आहे, हे कळायला हवे.

आता 'मी डक'विषयी. आपल्या भागात दुकानदार, बसचालक, नर्स, सगळे "ऑल राइट, मी डक?" असे म्हणतात. इथे 'मी' म्हणजे 'माझे' आणि 'डक' म्हणजे बदक. एका आजोबांना हा अपमान वाटला होता. तसे नाही. आपल्याकडे अनोळखी माणसालाही 'काका', 'मावशी', 'बाळा' म्हणतात, तसाच हा जिव्हाळ्याचा शब्द आहे. तो बाईलाही म्हणतात आणि पुरुषालाही. यॉर्कशरमध्ये त्या जागी 'लव्ह' येते, न्यूकॅसलला 'पेट', बर्मिंगममध्ये 'बॅब', आणि ग्लासगोत बायकांना 'हेन' म्हणजे कोंबडी म्हणतात. 'टा' म्हणजे आभार आणि 'टा-रा' म्हणजे येते हं. "ऑल राइट?" हा प्रश्न नमस्कारासारखा असतो. त्यावर "ऑल राइट, थँक यू" एवढे पुरे. गुडघेदुखीची हकिगत डॉक्टरांसाठी राखून ठेवावी.

जेवणाची वेळ आणि औषधाची वेळ

काही शब्दांत मात्र गफलत झाली तर ती महागात पडते. पुस्तकात 'डिनर' म्हणजे रात्रीचे जेवण आणि 'टी' म्हणजे चहा. आपल्या भागात आणि वर उत्तरेकडे अनेक घरांत 'डिनर' म्हणजे दुपारचे जेवण आणि 'टी' म्हणजे संध्याकाळचे जेवण. शाळेत दुपारी जेवण वाढणाऱ्या बायकांना 'डिनर लेडी' म्हणतात, ते यामुळेच.

समजा नर्सने सांगितले, "टेक इट आफ्टर युअर टी." आपण सकाळी सहाच्या चहानंतर गोळी घेतली, आणि तिला म्हणायचे होते संध्याकाळच्या जेवणानंतर. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीत हा फरक लहान नाही. म्हणून औषधाच्या बाबतीत एकच सवय लावून घ्यावी. जेवणाचे नाव ऐकले की लगेच विचारावे, "व्हॉट टाइम?" आणि आकडा कागदावर लिहून घ्यावा. केमिस्टलाही पाकिटावर वेळ लिहून द्यायला सांगता येते.

वेळेच्या बाबतीत मराठी माणसाला एक सोयही आहे. इथे 'हाफ टेन' म्हणतात ते आपले साडेदहा. 'क्वार्टर पास्ट टेन' म्हणजे सव्वादहा आणि 'क्वार्टर टू टेन' म्हणजे पावणेदहा. सव्वा, साडे, पावणे हे आपल्या रक्तात आहे. ते तसेच्या तसे बसवावे. यॉर्कशरमध्ये कोणाकडे राहायला गेलात, तर तिथे 'नाइन व्हाइल फाइव्ह' ऐकू येईल. त्याचा अर्थ नऊ ते पाच. तिकडे 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत'.

लिहिलेले एक, बोललेले दुसरे

गावांची नावे हा सर्वांत अवघड भाग. बसच्या पाटीवर अक्षरे भरपूर असतात आणि चालक तोंडातून निम्मीच काढतो. 'लेस्टर'च्या अक्षरांकडे पाहून कोणीही आधी 'लायसेस्टर' वाचेल. इथे एक ढोबळ नियम कामाला येतो. नावाच्या शेवटी 'सेस्टर' दिसले की बहुतेक वेळा 'स्टर' म्हणावे. लेस्टर, ग्लॉस्टर, वुस्टर, बिस्टर ही सगळी तशीच. 'सायरनसेस्टर' याला अपवाद, ते पूर्ण म्हणतात. हा 'सेस्टर' मुळात लॅटिन भाषेतल्या छावणीच्या शब्दावरून आला. रोमन सैन्याची ठाणी जिथे होती, तिथली ही नावे.

शेवटी 'हॅम' दिसले तर 'अम' म्हणावे, जसे बर्मिंगम, नॉटिंगम. 'बरो' दिसले तर 'बरा', म्हणून लफबरा आणि पीटरबरा. लंडनमधले 'ग्रीनविच' हे बोलताना ग्रेनिच होते, आणि 'रीडिंग' नावाचे शहर रेडिंग होते. आपल्या शेजारचे 'ग्रोबी' हे ग्रूबी. 'बेल्व्हॉयर' असे वाचले जाणारे नाव तर चक्क बीव्हर. त्या नावाचा किल्ला काउंटीत आहे आणि रस्ता लेस्टरच्या मध्यभागी आहे.

यात ओशाळण्यासारखे काही नाही. इंग्रज माणूस आपल्या ठाण्याची रोमन अक्षरे पाहून 'थेन' म्हणतो आणि पुण्याला 'पून'. आपल्याजवळ तर त्याच्याकडे नसलेले एक साधन आहे. देवनागरीत जसे ऐकू येते तसे लिहिता येते. माझा सल्ला असा की एक छोटी वही पिशवीत ठेवावी. डाव्या बाजूला पाटीवरचे नाव पाहून उतरवावे आणि उजव्या बाजूला चालक म्हणतो तसे देवनागरीत लिहावे. दहा-पंधरा थांबे असे लिहून झाले की नेहमीचा मार्ग पाठ होतो.

काही नावांचा अर्थ कळला की ती लक्षात राहतात. लेस्टरमध्ये गॅलोट्री गेट, हंबरस्टोन गेट, बेलग्रेव्ह गेट असे रस्ते आहेत. तिथे दरवाजा शोधू नये. हा 'गेट' जुन्या नॉर्स भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ रस्ता. नवव्या शतकात डेन्मार्ककडून आलेले लोक या भागात वसले. लेस्टर हे त्यांच्या पाच प्रमुख नगरांपैकी एक होते. ओडबी, ब्लेबी, एंडरबी, ग्रूबी यांच्या शेवटचा 'बी' हाही त्यांचाच. त्याचा अर्थ गाव किंवा वस्ती. आपल्या 'वाडी'सारखाच तो नावाच्या शेवटी चिकटला.

बैठकीत सगळ्यांना सर्वांत आवडते ती जोडी 'मॅग्ना' आणि 'पार्व्हा'. आपल्या काउंटीत ॲशबी मॅग्ना आणि ॲशबी पार्व्हा अशी दोन गावे आहेत. मॅग्ना म्हणजे मोठे, पार्व्हा म्हणजे लहान. शब्द लॅटिन आहेत. आता पुण्याजवळचे वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द आठवा. बुद्रुक म्हणजे मोठे, खुर्द म्हणजे लहान, आणि शब्द फारसीतून आलेले. इकडे कारभाराची भाषा लॅटिन होती आणि तिकडे फारसी, पण गावांची वाटणी एकाच रीतीने झाली. ज्याला बुद्रुक-खुर्द ठाऊक आहे, त्याला मॅग्ना-पार्व्हा परके वाटू नये.

पत्ता सांगताना होणारी गल्लत

मराठीतला 'समोर' हा शब्द इंग्रजीत फसवतो. "मी मंदिरासमोर उभा आहे" असे आपण म्हणतो, तेव्हा माणूस मंदिराच्या दाराशी असू शकतो किंवा रस्त्याच्या पलीकडेही असू शकतो. इंग्रजीत यांसाठी दोन वेगळे शब्द आहेत. दाराशी, त्याच बाजूला असाल तर 'इन फ्रंट ऑफ'. रस्ता ओलांडून पलीकडे असाल तर 'ऑपोझिट'. टॅक्सीची वाट पाहताना हा फरक चुकला, तर टॅक्सी एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला. शेजारी लागून असेल तर 'नेक्स्ट टू', मागे असेल तर 'बिहाइंड', कोपऱ्यावर असेल तर 'ऑन द कॉर्नर'. हे पाच शब्दप्रयोग पाठ असले की रोजचे काम निभते.

रस्ता सांगणारा 'आयलंड' म्हणाला, तर समुद्रातले बेट आठवू नये. मिडलंड्समध्ये 'आयलंड' म्हणजे रस्त्यावरचे वर्तुळ, म्हणजेच राउंडअबाउट. "सेकंड एक्झिट ॲट द आयलंड" म्हणजे त्या वर्तुळातून फुटणारा दुसरा रस्ता. शहरात हरवल्यासारखे वाटले तर 'क्लॉक टॉवर' विचारावे. १८६८ साली बांधलेला हा मनोरा अगदी मध्यभागी आहे आणि लेस्टरात तो कोणीही दाखवेल. तिथून हेमार्केटचा बस थांबा जवळच आहे. शहरातल्या पुष्कळ बसगाड्या तिथून सुटतात.

हॉस्पिटलाच्या नावांकडेही लक्ष असावे. लोक 'द रॉयल' म्हणतात ते लेस्टर रॉयल इन्फर्मरी. 'इन्फर्मरी' हा हॉस्पिटलचाच जुना शब्द आहे. तातडीचा विभाग तिथे आहे. 'द जनरल' हे वेगळे आणि 'ग्लेनफील्ड' हे तिसरे. हृदय आणि फुप्फुसांचे उपचार ग्लेनफील्डला होतात. तिन्ही शहराच्या तीन दिशांना आहेत. अपॉइंटमेंटचे पत्र आले की तारखेच्या आधी हॉस्पिटलाचे नाव वाचावे आणि त्याखाली लाल पेनाने रेघ मारावी.

घराचा क्रमांक सांगताना 'फोर्टीन' आणि 'फॉर्टी', 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' फोनवर सारखेच ऐकू येतात. त्यामुळे आकडे सुटे सांगावेत. चौदा असेल तर 'वन फोर', चाळीस असेल तर 'फोर झीरो'. 'डबल टू' म्हणजे दोनदा दोन, म्हणजे बावीस. शून्याला लोक 'ओ' असेही म्हणतात. पोस्टकोडमधली अक्षरे सांगताना प्रत्येकाला एक शब्द जोडावा, जसे 'एल फॉर लंडन, ई फॉर इंग्लंड'. आपल्या 'ए', 'ई' आणि 'आय' या उच्चारांत त्यांचा गोंधळ होतो, तो याने टळतो.

दुखण्याची जागा

डॉक्टर विचारतात, "व्हेअर डझ इट हर्ट?" ही शरीरावरची जागा सांगतानाही आपली मराठी आड येते. आपला 'हात' खांद्यापासून बोटांपर्यंत असतो. इंग्रजीत मनगटाच्या पुढचा तो 'हँड' आणि खांद्यापासून मनगटापर्यंतचा तो 'आर्म'. छातीत कळ येऊन ती डाव्या हातात उतरत असेल, तर 'लेफ्ट आर्म' म्हणावे. फक्त 'हँड' म्हटले तर डॉक्टर पंजाच समजतील. तसेच 'पाय'. घोट्याच्या खालचे पाऊल ते 'फूट' आणि वरचे सगळे 'लेग'. मधुमेहींच्या पावलाला झालेली जखम 'फूट' या शब्दानेच सांगितली पाहिजे.

आपली 'कंबर दुखते', पण इंग्रजीत ते दुखणे 'लोअर बॅक'चे. 'वेस्ट' हा शब्द पँटच्या मापासाठी ठेवावा. शब्द आठवला नाही तर बोट ठेवून 'हिअर' म्हणावे. डॉक्टरांसमोर ते पुरते. फोनवर बोट दिसत नाही, म्हणून फोनसाठी हे शब्द हवेत. इथले लोक आजारी माणसाला 'पुअरली' म्हणतात. "आय फील पुअरली" म्हटले की बरे वाटत नाही, हे त्यांना लगेच कळते.

जेव्हा घाई असते

९९९ हा क्रमांक १९३७ साली लंडनमध्ये सुरू झाला. आज तो देशभर आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. फोन लागल्यावर आधी विचारतात, कोणती सेवा हवी. त्यावर एकच शब्द सांगावा, 'ॲम्ब्युलन्स'. मग ॲम्ब्युलन्सचा माणूस फोनवर येतो. आजारी व्यक्ती श्वास घेते आहे का आणि तुम्ही कुठे आहात, हे दोन प्रश्न अगदी आधी येतात. पुढेही प्रश्न चालू राहतात, तेव्हा पुष्कळांना वाटते की हे वेळ घालवत आहेत. तसे नसते. बोलणे चालू असतानाच मदतीची व्यवस्था होत असते. त्यांनी सांगेपर्यंत फोन ठेवू नये.

फोनशेजारी भिंतीवर ठळक अक्षरांत एक कागद लावावा. त्यावर घराचा क्रमांक सुट्या आकड्यांत, रस्त्याचे नाव, पोस्टकोड आणि घराची एक खूण लिहावी. खूण म्हणजे 'ऑपोझिट द स्कूल' किंवा 'ब्लू डोअर' असे काहीतरी. वाचायला सोपे जावे म्हणून हे सगळे देवनागरीत लिहावे. शेजाऱ्याला वाचता यावे म्हणून खाली इंग्रजी अक्षरांतही लिहावे. घाबरलेल्या माणसाला पाठ केलेलेही आठवत नाही. तेव्हा कागद कामाला येतो.

जिवावरचे नसेल, पण सल्ला हवा असेल, तर १११ हा क्रमांक आहे. तिथे दुभाषा मागता येतो. जीपीकडे आणि हॉस्पिटलातही दुभाषा मागता येतो आणि त्याचे पैसे आपल्याला द्यावे लागत नाहीत. अपॉइंटमेंट घेतानाच "मराठी इंटरप्रिटर, प्लीज" असे सांगावे. 'इंडियन' एवढेच सांगितले तर हिंदी किंवा गुजराती बोलणारी व्यक्ती मिळू शकते. नातवंडांना दुभाषा करणे शक्यतो टाळावे. आजीचे सगळे दुखणे दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून सांगण्यासारखे नसते, आणि त्याच्यावर तो भार टाकणेही बरे नाही.

मंडळींना विनंती

ज्येष्ठांना माझी विनंती अशी की रोज एक नवा शब्द ऐकून वहीत लिहा आणि बैठकीला येताना ती वही आणा. तुम्ही चुकीचे बोललात म्हणून कोणी हसणार नाही. हसलेच तर आम्ही सगळे मिळून 'बीव्हर'च्या स्पेलिंगला हसू.

तरुण सभासदांना विनंती आहे की आपल्या आई-वडिलांच्या फोनशेजारचा कागद याच आठवड्यात तयार करा. त्यांच्याबरोबर एकदा बसने जा. पण तिकिटाचे आणि थांब्याचे बोलणे त्यांना करू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा.

विश्वस्त मंडळाच्या वतीने आणखी एक आवाहन आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे महिन्यातून दोनदा जाऊन तासभर बोलणारे सेवेकरी हवे आहेत. हॉस्पिटलच्या भेटीला गाडीने नेणारे आणि प्रतीक्षागृहात सोबत बसणारेही हवे आहेत. मोठ्या अक्षरांतले पत्त्याचे कागद आणि दुखण्याच्या शब्दांचे तक्ते छापून घरोघरी द्यायचे आहेत. त्यासाठी ज्यांना देणगी द्यायची असेल, त्यांनी ती 'ज्येष्ठ सेवा' असे लिहून कार्यालयात द्यावी. पावती मिळेल. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी वेळ द्यावा. दोन्हींची सारखीच गरज आहे.

एकटा माणूस आजारी पडतो, तेव्हा त्याच्यापर्यंत पोहोचायला आधी तो कुठे आहे हे कळावे लागते. तेवढे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगता यावे, यासाठी ही सगळी खटपट आहे. त्यात आपला हातभार लागावा.

आपली नम्र,
इंग्रजी बैठकीची सेवेकरी